चांदणीचा कान

मेहुण्याच्या लग्नात कानशिलावरचे पांढरे केस झाकावेत म्हणून बलभीमनं काळ्या रंगाची पुडी आणून ठेवली होती. ती पुडी शेळीच्या कानाला लागेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण जत्रेच्या दिवशी, धड उजाडलंही नव्हतं तेव्हा, हा गडी गोठ्यात उकिडवा बसला होता. डाव्या हातात शेळीचा कान, उजव्या हातात दात घासायचा जुना ब्रश, आणि तोंडानं अखंड विनवण्या.

"थांब गं माझे माय. आजच्या दिवस थांब. मान हालवू नको, डोळ्यात जाईल."

शेळी कसली थांबते! तिनं वाटीतला रंग हुंगला, शिंकली आणि बलभीमच्या सदऱ्याचं बटण चघळायला घेतलं. तेवढ्यात त्याची बायको राजेश्वरी दारात येऊन उभी राहिली. तिनं वाटी बघितली, ब्रश बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"चांदणीची चांदणीच पुसायला निघालाव व्हय?"

"पुसत न्हाय. झाकतोय," बलभीम मान वर न करता म्हणाला. "केस वाढले की परत येतंय समदं."

"आन् हर्षालीला काय सांगणार?"

"ती उठायच्या आत म्या जळकोटला पोचतोय. ती शाळेच्या पोरांसंगं मागनं येणार. त्या गर्दीत तिला कुठं दिसतोय कान!"

जाताना राजेश्वरीनं दार जरा जोरातच लोटलं, आणि बलभीमला ते चांगलंच ऐकू आलं.

चांदणी हर्षालीची होती, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी तिची आई गेली, तेव्हा चौथीतल्या हर्षालीनं बाटलीनं दूध पाजून तिला जगवलं. आता पोरगी सहावीत आणि शेळी ऐन भरात. अंगानं काळीभोर, पाठ सरळ, कान लांब लोंबते. आणि डाव्या कानावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, त्याला लागून दोन बारके. त्यावरूनच पोरीनं तिचं नाव चांदणी ठेवलं होतं.

त्या ठिपक्यानंच तर घोळ केला होता. जळकोटच्या माळावर जत्रेत शेळ्यांची स्पर्धा भरायची. पहिल्या नंबराला गळ्यात बांधायची पितळी घंटा मिळायची. दोन वर्षं ती घंटा आण्णासाहेबांनी नेली होती. आण्णासाहेब म्हणजे चाळीस एकरांचे धनी, दोन्ही घंटा त्यांनी शेळीच्या गळ्यात न बांधता आपल्या दारावर टांगल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्यानं त्या वाजवूनच आत यायचं. यंदा बलभीमनं हायवेवरच्या हॉटेलात चहा पिता पिता, सगळ्यांच्या देखत, मांडीवर थाप मारून सांगून टाकलं होतं, "औंदाची घंटा आमच्या दारात वाजणार!" वाडीतल्या पोराटोरांनी ते इतकं उचलून धरलं, की बलभीम दिसला की पोरं "टण् टण्" करून ओरडायची. आता माघार घेणं म्हणजे जन्माचं हसं.

आणि चारच दिवसांपूर्वी त्याच हॉटेलात आण्णासाहेबांनी बशीतला चहा फुंकत बॉम्ब टाकला.

"बलभीम, शेळी झ्याक हाय रं तुझी. पर कानाचं काय? अस्सल जात म्हंजी खुरापासून शिंगापत्तूर काळी. एक पांढरा केस दिसला की डॉक्टर बाद करतोय."

"कानावर असलं तर काय व्हतंय?"

"म्या दोन साल जिंकलोय. मला न्हाय ठावं व्हय?"

चार दिवस बलभीमला जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी पहाटे त्यानं पुडी फोडली.

रंग असा काही बसला म्हणता! ठिपका गेला, बारके दोन गेले, कान एकसारखा काळा झाला. बलभीम खूश. मग त्याचं लक्ष आपल्या हाताकडं गेलं. डावा अंगठा, नखासकट, काळाकुट्ट. त्यानं साबण लावला, रॉकेल लावलं, विटकरीनं घासला. कातडी सोलली, पण नख काही पांढरं होईना. शेवटी मूठ मिटून, शेळी टेम्पोत घालून तो निघाला.

माळावर ही गर्दी! पाळणे गरगरत होते, भजी तळायचा वास सुटला होता, कर्ण्यातून कुणाचं तरी हरवलेलं पोर पुकारत होते. नोंदणीच्या टेबलावर बलभीमनं अंगठा लपवत सही केली, तरी कारकुनाच्या नजरेस तो पडलाच.

"मतदान कवा झालं वो?" कारकून हसला.

"बॅटरीचं आईल लागलंय," बलभीम म्हणाला, आणि डावा हात खिशात घातला. पुढं होता होईतो तो त्यानं बाहेर काढला नाही.

चांदणीला अकरा नंबरचा बिल्ला मिळाला. आता अडचण अशी की ही शेळी 'चांदणी' म्हटल्याशिवाय पाऊल उचलत नसे. आणि कानावर चांदणी नसलेल्या शेळीला चार माणसांत त्या नावानं हाक मारायला बलभीमची जीभ रेटेना. "ए, चल! ए... ए तू!" करत त्यानं तिला अर्धी ओढत, अर्धी ढकलत रांगेत नेलं. स्टेजच्या बरोबर समोर बांबू बांधले होते, त्याला सोळा शेळ्या आणि प्रत्येकीशेजारी तिचा मालक. बलभीमच्या डाव्या अंगाला आण्णासाहेब, कोट-फेटा घालून, एक हात रुबाबात कोटाच्या खिशात. उजव्या अंगाला मल्लम्मा नावाची एक धनगरीण, पलीकडच्या गावची. तिच्या शेळीच्या पोटावर भलंमोठं तांबूस ठिगळ होतं, आणि बाईला त्याची फिकीरही नव्हती.

"एवढी रंगीत शेळी आणलाव?" बलभीमला राहवलं नाही.

"देवानं दिलीया तशी आणलीया," मल्लम्मा म्हणाली आणि शेळीला पाला चारू लागली.

गुरांचे डॉक्टर पंचाक्षरी तपासायला आले. दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा, हातात वही, चेहऱ्यावर रेघ हलत नाही. दात बघितले, कास बघितली, पाठीवरून हात फिरवला. अकरा नंबरापाशी ते जरा जास्तच रेंगाळले. त्यांनी डावा कान उचलून बघितला. डॉक्टरांनी कान सोडला, वहीत काहीतरी लिहिलं आणि नकळत मान डोलावली. जमलं! बलभीमला तिथंच उडी मारावीशी वाटली. खिशातल्या खिशात त्यानं काळा अंगठा कुरवाळला.

"गुणांची बेरीज होईपर्यंत," कर्ण्यातून आवाज आला, "केंद्रातल्या शाळांच्या निबंध स्पर्धेचा निकाल." वाडीच्या शाळेच्या शिवकांताबाई माईकपाशी आल्या. "पहिली आली आहे हर्षाली बलभीम जगताप, इयत्ता सहावी! निबंध तीच वाचून दाखवील. निबंधाचं नाव आहे, आमची चांदणी."

"माझी पोरगी हाय ती!" बलभीम आनंदानं ओरडला, दोन्ही हात वर करून. मग अंगठा आठवून त्यानं डावा हात झटकन खिशात कोंबला, आणि त्याच झटक्यात बाईंचे शेवटचे दोन शब्द त्याच्या डोक्यात शिरले. आमची चांदणी. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण तो निबंध त्यानंच तर लिहायला लावला होता. महिन्यापूर्वीची गोष्ट. हर्षाली निबंधांचं पुस्तक उघडून 'माझी लाडकी गाय' उतरवत बसली होती.

"आपल्याकडं गाय कुठाय?" त्यानं विचारलं होतं.

"पुस्तकात हाय की. समदी तीच लिहितेत. वर्गात सव्वीस पोरं आन् सव्वीस गायी. समद्यांच्या गायीचं नाव कपिला."

तेव्हा बलभीमला केवढा राग आला होता! त्यानं पुस्तक मिटून फळीवर टाकलं आणि लेकीला समोर बसवून चांगलं दहा मिनिटं सुनावलं होतं. काय काय बोललो ते तो विसरूनही गेला होता. बोलायला कुठं काय लागतं?

हर्षाली स्टेजवर आली. नवी रिबीन, हातात कागद. आपण पहिली आलो हे तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पप्पांना गंमत करायची होती तिला. तिनं गर्दीत पप्पांना शोधलं, ते दिसल्यावर ओठ दाबून हसली आणि खणखणीत आवाजात सुरू झाली.

"आमच्या घरी गाय नाही. आमच्या घरी शेळी आहे. तिचं नाव चांदणी. ती माझ्या वह्या खाते. भूगोलाची वही तिनं दोनदा खाल्ली आहे, गणिताची एकदाही नाही."

माळ खदाखदा हसला. आण्णासाहेबही हसले. स्वतःचं नाव ऐकून चांदणीनं मान वर केली आणि मोठ्यानं "म्यॅ" केलं, तसे लोक आणखी हसले. हर्षालीनं तिच्याकडं प्रेमानं बघितलं.

"ती रंगानं काळी आहे. पण तिच्या डाव्या..."

पोरगी थांबली. ती चांदणीच्या कानाकडं बघत होती. मग तिनं बलभीमकडं बघितलं. त्याचा खिशातला हात, घामेजलेला चेहरा, सगळं तिनं एका नजरेत बघून घेतलं. आणि बलभीमनं काय करावं? त्यानं मान हलवली. अगदी थोडी. नको, म्हणून. बापानं भर जत्रेत लेकीपुढं 'नको' म्हणून मान हलवली, आणि लेकीला ते कळलं.

"पण तिच्या..." हर्षालीचा आवाज बारीक झाला. "तिच्या कानावर काही नाही. दोन्ही कान काळे आहेत. तिचं नाव चांदणी का ठेवलं, ते मला माहीत नाही."

कागद बाईंनी चार वेळा वाचला होता. त्यांनी चमकून पोरीकडं पाहिलं. बाकी कुणाला काही कळलं नाही. वाचलो, असं बलभीमच्या मनात आलं, पण जीव काही भांड्यात पडेना. ते 'मला माहीत नाही' त्याच्या कानात घुमत राहिलं. जिनं नाव ठेवलं, तीच म्हणत होती मला माहीत नाही. आणि तेही बापाच्या एका मान हलवण्यावरून!

"मी आधी पुस्तकातला निबंध लिहिणार होते," हर्षाली पुढं वाचू लागली. "पण माझे पप्पा म्हणाले..."

आणि तिथं तिची गाडी अडली. ओठ हलले, आवाज फुटेना. "माझे पप्पा म्हणाले..." पुन्हा तेच. गर्दीतून कुणीतरी "म्हण की गं पोरी!" म्हणून ओरडलं. कानाबद्दलचं खोटं तिनं बोलून दाखवलं होतं, पण पुढचं वाक्य तिच्या तोंडून निघेना. डोळे भरून आले होते, आणि ते पुसायलाही ती हात उचलत नव्हती.

बलभीमला ते बघवेना. घंटा गेली खड्ड्यात, हॉटेल गेलं खड्ड्यात!

"थांबा!" तो ओरडला. बांबूखालून वाकून तो पुढं आला. "पोरगी खोटं बोलली, ते माझ्यामुळं. म्याच मान हालवली. तिच्या कागदावर लिव्हलंय ते खरं हाय. शेळीच्या कानावर पांढरं हाय, म्या रंगवलंय. हे बघा!" आणि त्यानं खिशातून डावा हात काढून काळा अंगठा सगळ्या माळाला दाखवला.

एकच गलका उठला. डॉक्टर पंचाक्षरी चष्मा लावत धावत आले. त्यांनी पाण्यानं कान पुसला, मग स्पिरिटनं पुसला. कापूस होता तसाच पांढरा राहिला.

"रंग निघत नाही," ते म्हणाले. "तुम्ही बोलला नसतात तर मला कधी कळलंही नसतं. आता तरी कशावरून मानायचं?"

शिवकांताबाई स्टेजवरून उतरल्या आणि त्यांनी हर्षालीचा कागद डॉक्टरांपुढं धरला. डॉक्टरांनी तो वाचला, एकदा कानाकडं बघितलं, पुन्हा वाचला.

"रुपयाएवढा एक, लहान दोन," ते हळूच म्हणाले. मग बलभीमकडं वळून एकदम तापले. "अहो शहाणे, पण झाकलंत कशाला? आपल्या भागातल्या शेळीच्या कानावर पांढरं असतंच की कितीकदा! त्याचे गुण कोण कापतं? मी अकरा नंबराचीच शेळी पहिली काढली होती. ठिपक्यासकट काढली असती! कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

बलभीमनं डाव्या बाजूला बघितलं. आण्णासाहेब आभाळ न्याहाळत होते. हात अजून कोटाच्या खिशातच. डॉक्टरांनी तो खिसा बघितला, मग रांगेवरून नजर फिरवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ पहिल्यांदा हलली.

"सगळ्या मालकांनी दोन्ही हात वर करा," ते म्हणाले. "सगळ्यांनी!"

काय सांगावं! हात वर होता होता रांगेतले तीन मालक शेळ्यांसकट गर्दीत दिसेनासे झाले. उरलेल्यांत दोघांच्या बोटांची टोकं काळी, आणि आण्णासाहेबांचा उजवा अंगठा बलभीमच्या अंगठ्याचा सख्खा भाऊ!

"ते... म्या मिशीला लावतो!" आण्णासाहेब गरजले.

माळ हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मल्लम्माचे दोन्ही हात पाल्यानं हिरवे झाले होते, ते ती निवांत वर धरून उभी होती. घंटा तिच्या तांबूस ठिगळाच्या शेळीला मिळाली. तिनं ती तिथल्या तिथं शेळीच्या गळ्यात बांधून टाकली.

"अकरा नंबर बाद," डॉक्टरांनी वहीत लिहिता लिहिता सांगितलं. "रंगवलेलं जनावर चालत नाही."

बलभीमनं मान डोलावली. त्याचं लक्ष स्टेजकडं होतं. शिवकांताबाई हर्षालीपाशी वाकून विचारत होत्या, "परत वाचतेस? लिहिलंयस तसं?" हर्षालीनं डोळे पुसले, बापाकडं बघितलं. या वेळी बलभीमनं मान हलवली ती चांगली वरपासून खालपर्यंत.

पोरीनं वाचलं. कानावरचा ठिपका वाचला, बारके दोन वाचले. "अंधारात ती काळी असल्यामुळं दिसत नाही, फक्त कान दिसतो. मी कानाकडं बघत चालत जाते आणि तिला शोधून काढते." आणि मग ती पुन्हा त्या वाक्यापाशी आली. बलभीमनं मुठी आवळल्या.

"माझे पप्पा म्हणाले, आपल्या दावणीला जे आहे तेच लिही. डोळ्यानं दिसेल तेवढंच लिही. खोटं लिहून पहिला नंबर आला, तर तो नंबर पुस्तकाचा असेल, तुझा नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्ट्या वाजल्या. आणि ज्याचं वाक्य होतं, तो माणूस शेळीच्या पाठीत तोंड खुपसून उभा होता. आज घंटा मिळाली असती, तर ती लग्नासाठी आणलेल्या पुडीची असती. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा दुप्पट अभिमान वाटला, आणि दोन्ही एकदमच वाटत असल्यामुळं रडावं की हसावं हेही त्याला सुचेना.

घरी जाताना टेम्पोत हर्षाली चांदणीचा कान मांडीवर घेऊन बसली होती. जळकोट मागं पडलं, ऊस गेला, तुरीची रानं गेली.

"पप्पा, पांढरं कवा व्हईल?"

"केस वाढतील तसं."

"किती दिसांत?"

"म्हाईत न्हाय गं," बलभीम म्हणाला. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक नवी वही सुरू केली. रोज सकाळी गोठ्यात जायचं, कान उलटासुलटा करून बघायचा आणि तारीख टाकून लिहायचं. 'आज कान काळा आहे.' 'आज कान काळा आहे.' वही ती फळीवर उघडीच ठेवायची. चहा पिताना बलभीमची नजर नेमकी तिच्यावर जायची. हॉटेलात लोक हसले, पोरांनी "टण् टण्" केलं, ते त्यानं हसून सोसलं. पण त्या वहीतली ती एक ओळ त्याला रोज टोचायची. महिना झाला, वहीची पानं उलटत गेली, ओळ काही बदलेना.

होळी दोन दिवसांवर आली असेल. बलभीम दात घासत होता, तेवढ्यात गोठ्यातून आरोळी आली.

"पप्पा! मम्मे! पप्पा, या की लौकर! आलं! आलं!"

बलभीम तोंडातल्या फेसासकट धावत सुटला. राजेश्वरी पिठाच्या हातानं आली. हर्षाली गुडघे टेकून बसली होती आणि चांदणीचा कान तिनं दोन्ही हातांनी उन्हाकडं धरला होता. काळ्या केसांच्या मुळाशी, अगदी कातडीलगत, पांढरी रेघ उगवली होती. ज्वारीच्या दाण्याहून रुंद नव्हती. पण पांढरी होती, स्वच्छ पांढरी. पोरगी नाचायला लागली. चांदणीनंही दोन उड्या मारून घेतल्या.

मग हर्षालीनं फळीवरची वही आणली आणि पेन बापापुढं धरलं.

"आज तुमी लिव्हा."

"म्या? म्या काय लिव्हू?"

"डोळ्यानं दिसंल तेवढंच."

बलभीमनं हात सदऱ्याला पुसला आणि डाव्या हातानं वही धरली. अंगठ्याचं नखही वाढत आलं होतं, खाली नवं, वर जुनं काळं. त्यानं कानाकडं पुन्हा एकदा वाकून नीट बघितलं. मग तारीख टाकली आणि वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'आज पांढरं दिसलं. थोडं.'